गोठ्यात कालवड, घरात मुलगा

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



5 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्या वाशिम जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते एका देशी तंत्रज्ञानाचं लोकार्पण झालं. वळूच्या वीर्यातले मादी देणारे शुक्राणू वेगळे करण्याचं हे तंत्र. त्यामुळे वीर्याच्या कांडीमागे शेतकऱ्याचे सुमारे 200 रुपये वाचतील, असं सरकारने सांगितलं. बातमी आनंदाची होती आणि लोकांनी ती आनंदाने वाचली. आता कल्पना करा, त्याच वाशिममध्ये एखाद्या डॉक्टरने माणसाच्या वीर्यावर हेच काम केलं. तो गुन्हा ठरेल. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल आणि नोंदणीही जाईल. पेशी त्याच प्रकारची, प्रक्रिया तीच. एकीकडे अनुदान, दुसरीकडे तुरुंग.

हा दुटप्पीपणा आहे की शहाणपण, याचा विचार आज आपल्यासोबत करायचा आहे. माझं उत्तर ‘शहाणपण’ असं आहे. पण ते का, हे समजायचं तर आधी प्रयोगशाळेत जाऊन तिथे नेमकं काय होतं ते पाहावं लागेल. या विषयावर तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत. त्या यंत्रात काय चालतं हे सांगणारे थोडे.

हजार वर्षांचा अंदाज, शंभर वर्षांचं ज्ञान

मूल मुलगा होणार की मुलगी, हे ठरवण्याचे उपाय माणूस फार पूर्वीपासून सांगत आला आहे. आपल्याकडे सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, असा हिशेब धर्मशास्त्रात आहे आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांतही आहे. 2020 मध्ये एका लोकप्रिय कीर्तनकारांनी तो कीर्तनात सांगितला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. अशा उपायांना आयुष्य एवढं मोठं का लाभतं? गणित सोपं आहे. काहीही सांगा, निम्म्या वेळा तुम्ही बरोबरच ठरता. ‘मुलगा झाला नाही तर पैसे परत’ म्हणणारा वैदू निम्म्या लोकांचे पैसे प्रामाणिकपणे परत करतो आणि उरलेल्या निम्म्यांवर सुखाने जगतो. शिवाय ज्यांना मुलगा झाला, ते चार ठिकाणी त्याचं नाव सांगतात.

खरं कारण कळायला 1905 साल उजाडावं लागलं. अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रं होती. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक लहान. ते लहान गुणसूत्र ज्या शुक्राणूत असेल, त्यापासून नर होतो, हे त्यांनी ओळखलं. आज आपण त्याला वाय गुणसूत्र म्हणतो. सस्तन प्राण्यांतही तसंच: लिंग ठरतं ते नराच्या शुक्राणूवर. मुलगी झाली म्हणून आजही सुनेला बोल लावले जातात, आणि हा शोध लागून तर शंभरावर वर्षं झाली.

एक्स आणि वाय असे दोन तऱ्हेचे शुक्राणू आहेत, तर ते वेगळेही काढता आले पाहिजेत, असं कोणालाही वाटेल. 1960 च्या दशकात लँड्रम शेटल्स या अमेरिकन डॉक्टरांनी दोघांच्या डोक्याचा आकार वेगळा असल्याचं सांगितलं आणि समागमाच्या वेळेचं एक वेळापत्रकच लोकांना दिलं. 1973 मध्ये रोनाल्ड एरिक्सन यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की अल्ब्युमिन या प्रथिनाच्या दाट थरातून शुक्राणू पोहत खाली येऊ दिले, तर वायवाले चपळ असल्याने आधी पोचतात. या पद्धतीचे परवाने देशोदेशीच्या दवाखान्यांना विकले गेले. पुढे शुक्राणूतली डीएनए थेट तपासणाऱ्या चाचण्या आल्या, तेव्हा थर ओलांडून आलेल्या शुक्राणूंत वायचं प्रमाण वाढलेलं दिसेना. वेळापत्रकाचंही तेच झालं. 1995 मध्ये अमेरिकेत विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या 221 स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवरून दाखवलं की बीजमोचनाच्या आधी वा नंतर कधी संबंध आला, याचा बाळाच्या लिंगाशी संबंध नाही.

वजनात सापडलेला फरक

मग एक्स आणि वाय शुक्राणूंत ठामपणे मोजता येईल असा फरक कोणता? एकच: एक्स गुणसूत्र वायपेक्षा मोठं असल्याने एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए थोडी जास्त असते. वळूत हा फरक सुमारे 3.8 टक्के, माणसात सुमारे 2.8 टक्के. जिवंत पेशीतला एवढा फरक, आणि तोही लाखो पेशींत एकेक करून मोजायचा.

ज्या यंत्राने हे जमवलं त्याचा जन्म फार वेगळ्या ठिकाणी झाला. 1965 मध्ये अणुबॉम्बसाठी प्रसिद्ध असलेल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांनी पेशींची वर्गवारी करणारं यंत्र तयार केलं. त्यातली मुख्य युक्ती त्यांनी स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांच्या शाईच्या छपाईयंत्रावरून घेतली. द्रवाची बारीक धार कंप देऊन थेंबाथेंबांत फोडायची, हव्या त्या थेंबाला विद्युतभार द्यायचा आणि दोन भारित पट्ट्यांमधून सोडून त्याला बाजूला वळवायचं. पुढे स्टॅनफर्डमध्येच लिओनार्ड हर्झनबर्ग यांच्या गटाने त्याला प्रकाशमान रंगांची जोड दिली. रक्ताच्या कर्करोगाच्या निदानात, एचआयव्ही रुग्णांच्या तपासण्यांत आज जे फ्लो सायटोमीटर वापरतात, ते याच घराण्यातलं.

शुक्राणूंच्या बाबतीत दोन अडचणी होत्या. पहिली अशी की डीएनए रंगवायची तर पेशी मरायची आणि मेलेला शुक्राणू कोणाच्या उपयोगाचा नाही. होख्स्ट 33342 नावाचा रंग पेशीचं आवरण न फोडता आत शिरतो, डीएनएला चिकटतो आणि अतिनील लेसर पडला की निळा चमकतो. जास्त डीएनए, जास्त चमक. दुसरी अडचण आकाराची. शुक्राणूचं डोकं चपटं असतं. थाळी समोरून पाहिली तर वेगळी दिसते आणि कडेवरून पाहिली तर वेगळी. तसाच हा शुक्राणू लेसरसमोर आडवा आला की उभा, यावर त्याची चमक बदलते. असा बदल 3.8 टक्क्यांचा फरक सहज गिळून टाकतो. त्यामुळे सगळे शुक्राणू एकाच कुशीवर वळवून लेसरसमोर आणणं, हे या तंत्रातलं खरं कसब ठरलं.

अमेरिकन कृषिखात्याच्या बेल्ट्सविल इथल्या केंद्रात लॉरेन्स जॉन्सन यांनी हे दोन्ही साधलं. 1989 मध्ये त्यांनी सशांवरचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. एक्स म्हणून निवडलेल्या शुक्राणूंपासून झालेल्या पिलांत 94 टक्के माद्या होत्या, वाय म्हणून निवडलेल्यांपासून झालेल्यांत 81 टक्के नर. इतिहासात पहिल्यांदाच निम्म्याच्या बाहेरचं उत्तर पडताळून मिळालं होतं.

या आकड्यांतल्या दोन गोष्टी मनात ठेवा, पुढे लागतील. एक, उत्तर कधीही शंभर टक्के नसतं. यंत्र शक्यता वाढवतं. दुसरी, यंत्राला मादी ओळखणं नर ओळखण्यापेक्षा सोपं जातं.

गोठ्याचा हिशेब

या तंत्राला व्यवहारात आणलं ते दुधाच्या धंद्याने. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले जॉर्ज सायडेल आणि त्यांचे सहकारी यांनी कमी शुक्राणूंतही गाय गाभण राहू शकते, हे दाखवलं. हे महत्त्वाचं होतं, कारण वर्गवारी खर्चिक आणि संथ. निम्मे शुक्राणू नको असलेले, बरेच नीट वळले नाहीत म्हणून टाकून दिलेले. आपल्याकडच्या साध्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू असतात. वर्गवारी केलेल्या कांडीत 20 ते 40 लाख. त्यातच रंग, लेसर, दाब आणि विद्युतभार यांचा मार त्यांनी सोसलेला असतो. म्हणून गाय उलटण्याचं, म्हणजे गाभण न राहण्याचं, प्रमाण जास्त राहतं, आणि जाणता पशुवैद्य ही कांडी वेळेवर माजावर आलेल्या, धडधाकट कालवडीलाच भरायला सांगतो. मात्र गाय गाभण राहिली, तर दहातल्या नऊ वेळा कालवड.

गेल्या काही वर्षांत दुसरी एक पद्धत आली आहे. तिच्यात थेंब वळवत नाहीत. नको असलेला शुक्राणू ओळखून लेसरने तो निकामी करतात, बाकीचे तसेच पुढे जातात. आपल्या देशातही ही कामं आता होतात. सांगली जिल्ह्यातलं भिलवडी हे त्यातलं एक ठिकाण. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून अशा कांडीला अनुदान आहे, आणि वाशिमला ज्याचं लोकार्पण झालं ते ‘गौसॉर्ट’ राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं.

शेतकऱ्याला कालवड का हवी, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टर आला, बैल मागे पडला. संकरित गोऱ्हा नांगराला फारसा चालत नाही आणि त्याला दूध पाजणं म्हणजे विकायचं दूध घालवणं. 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे त्याला बाजारही उरला नाही. गावोगाव सोडून दिलेले गोऱ्हे दिसतात, आणि काही गोठ्यांत त्यांना उपाशी मारलं जातं हेही उघड गुपित आहे. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या गायींची संख्या आधीच्या 2012 च्या गणनेपेक्षा 18 टक्क्यांनी वाढली आणि नर गोवंशाची 30 टक्क्यांनी घटली. एवढी घट एकट्या कांडीने झालेली नाही. तिचं अनुदान पुढच्या काळातलं. हिशेब त्याआधीच ठरून गेला होता. जन्मून उपाशी मरण्यापेक्षा न जन्मणं बरं, हा युक्तिवाद गोऱ्ह्याच्या बाबतीत मला मान्य आहे.

इथेही सावध राहायला हवं. काही मोजक्या वळूंच्याच कांड्या सगळीकडे गेल्या तर वंशातली विविधता कमी होते. खिलार, देवणी, लाल कंधारी यांसारख्या आपल्या जातींत चांगला वळू टिकवायचा असतो, हे कालवडीच्या घाईत विसरता येत नाही. पण हे प्रश्न पशुपालनाचे आहेत आणि पशुपालनाच्या चौकटीतच सुटतील. जनावर आपण उपयोगासाठी पाळतो. उपयोगाचा हिशेब तिथे उघड आहे.

माणसाकडे

बेल्ट्सविलचं तंत्र माणसासाठी घेतलं ते व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स इथल्या जेनेटिक्स अँड आयव्हीएफ इन्स्टिट्यूटने. त्याचं नाव ‘मायक्रोसॉर्ट’. उद्देश वैद्यकीय होता. हिमोफिलिया किंवा ड्यूशेन स्नायुक्षय असे आजार एक्स गुणसूत्रावरून येतात आणि मुख्यतः मुलग्यांना होतात. अशा घराण्यात मुलगी झाली तर आजार टळण्याची शक्यता खूप वाढते. 1990 च्या दशकात पहिली बाळं जन्माला आली. माणसात फरक अवघा 2.8 टक्के, त्यामुळे यंत्राचं काम आणखी अवघड. एक्सची शुद्धता सुमारे 90 टक्क्यांपर्यंत गेली, वायची 70 ते 75 टक्क्यांच्या घरातच राहिली. पुढे ‘कुटुंबाचा तोल’ या नावाखाली निरोगी जोडप्यांनाही या तंत्राच्या चाचणीत घेतलं गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मात्र त्याला कधीच मिळाली नाही.

तिथे आलेल्या बहुसंख्य जोडप्यांनी मुलगी मागितली. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या जियानपिएरो पालेर्मो यांच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. शुक्राणू निवडून भ्रूण तयार केले, आणि सुमारे 80 टक्के भ्रूण हव्या त्या लिंगाचे निघाले. त्यातही 59 जोडप्यांना मुलगी हवी होती आणि 46 जोडप्यांना मुलगा. आता हे यंत्र मराठवाड्यात किंवा पश्चिम महाराष्ट्रात उघड्यावर ठेवा. रांग कुणासाठी लागेल, हे मी सांगायला नको. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 894 मुली होत्या आणि बीडमध्ये 807. वीस वर्षांपूर्वी, 1991 मध्ये, राज्याचा आकडा 946 होता. हे शुक्राणूच्या यंत्राने झालेलं नाही. सोनोग्राफी आणि गर्भपात यांनी झालं. पण मागणी काय आहे ते या आकड्यांवरून कळतं.

यंत्र फक्त डीएनएची चमक मोजतं. कोण हवं, कोण नको, हा हिशेब त्याच्या बाहेर, घरात मांडला गेलेला असतो. गोठ्यात तो कालवडीच्या बाजूने, आपल्या घरात मुलाच्या बाजूने आणि व्हर्जिनियात मुलीच्या बाजूने.

कायद्याने हात कुठे ठेवला

या बाबतीत महाराष्ट्राने देशाच्या आधी पाऊल टाकलं. 1980 च्या दशकाच्या मध्यात मुंबईत स्त्रीचळवळीतल्या आणि विज्ञानचळवळीतल्या लोकांनी एक मंच उभारला. विभूती पटेल, रवींद्र रु. पं. यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. मंचाच्या नावातच लिंगनिदानाबरोबर गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही विरोध होता. फेअरफॅक्सच्या बाळांचा जन्म तेव्हा बराच लांब होता, तरी पुढचा दरवाजा कोणता हे त्यांना दिसत होतं. 1988 मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाचं नियमन करणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा, अंमल 1996 पासून. अंमलबजावणी होईना, तेव्हा 2000 मध्ये ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतरच्या दुरुस्तीने 14 फेब्रुवारी 2003 पासून कायद्याच्या नावातच ‘गर्भधारणापूर्व’ हा शब्द आला आणि शुक्राणू व अंडपेशींवर होणारी लिंगनिवडही बंद झाली.

या कायद्यात लिंगनिवडीची व्याख्या करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. विशिष्ट लिंगाचा भ्रूण होण्याची केवळ शक्यता वाढवणं, हेही त्यांनी निवडीत धरलं आहे. हे तंत्र शक्यतेतच बोलतं, हे मघाशी सांगितलं. ‘आम्ही खात्री कुठे देतो?’ ही पळवाट त्यामुळे आधीच बंद झाली. 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानेही तीच भूमिका घेतली.

या बंदीला आव्हान मिळालं ते मुंबई उच्च न्यायालयात. दोन मुली असलेल्या एका दांपत्याने म्हटलं, आम्हाला तिसरं मूल हवं आहे आणि ते मुलगा असावा. गर्भधारणेपूर्वी निवड केली तर कोणताही गर्भ पाडावा लागणार नाही, मग हरकत कशाला? 2007 मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली.

हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. स्त्रीभ्रूणहत्या या एका शब्दाने आपली सगळी चर्चा व्यापली, आणि त्यातून असा समज झाला की वाईट आहे ती हत्या. मग ज्यात हत्या नाही ते चालेल. माझ्या मते गोष्ट उलटी आहे. गर्भपात हा स्त्रीचा कायदेशीर हक्क आहे आणि असावा. वाईट आहे ती निवड; मुलीला आधीच नको ठरवणं. गर्भपाताने केलेली निवड निदान दिसते, आईच्या शरीरावर तिची खूण राहते, सोनोग्राफीच्या नोंदीत तिचा माग काढता येतो. शुक्राणूंतली निवड कुणालाच दिसत नाही, तिचा पुरावा उरत नाही आणि तिची लाजही वाटत नाही. म्हणून ती जास्त पसरेल. कायद्याने इथे हात ठेवला ते योग्यच केलं.

आणि म्हणूनच गोठा आणि घर यांना वेगळे नियम असणं हे शहाणपण आहे. गोठ्यात आपण उपयोग निवडतो. घरात जन्माला येणाऱ्या माणसाला उपयोगाच्या तागडीत घालून मागवायचं नसतं. अमेरिकेत मुलगी मागणाऱ्यांनाही मी हेच म्हणेन. तिथे मुलींची संख्या घटणार नाही, हे खरं. पण मागवलेल्या मुलीकडून मागवल्याप्रमाणे वागण्याची अपेक्षा राहील.

पुढे काय

कायदा पुरेल का? सोनोग्राफीवर नियंत्रण ठेवता आलं, कारण यंत्र मोठं, नोंदणीचं, सील करता येणारं. फ्लो सायटोमीटरही महाग आहे, कुठे आहे ते शोधता येतं. पण नव्या पद्धती साध्या होत चालल्या आहेत. 2019 मध्ये जपानच्या हिरोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की एक विशिष्ट रसायन मिसळलं तर एक्सवाले शुक्राणू मंदावतात आणि वायवाले पोहत वर येतात. पालेर्मोंच्या पद्धतीत कमीजास्त घनतेच्या द्रवाचे थर लागतात, जे वंध्यत्वाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत असतात. या पद्धती माणसात कितपत टिकतात हे पुढे ठरेल. पण दिशा स्पष्ट आहे. उद्या लिंगनिवडीला मोठं यंत्र लागणार नाही, एक नळी आणि एक बाटली पुरेल. छापा कशावर घालणार?

तेव्हा मागणीचाच हिशेब बदलावा लागेल. मुलगा का हवा, याची कारणं आपण सगळे जाणतो: म्हातारपणाची काठी, नाव, अग्नी, आणि सगळ्यांच्या तळाशी जमीन. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, देशाने 2005 मध्ये. कागदावर हिशेब बरोबर झाला. आणि मग आपण दुसरा कागद शोधून काढला, हक्कसोडपत्र. वडील गेले की तेराव्यानंतर बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात, सह्या होतात, साडीचोळी होते आणि माहेरपण टिकलं म्हणून बहीणही डोळे पुसते. ज्या घरात मुलगी सही करून बाहेर पडते, त्या घरात पुढच्या पिढीला मुलगाच हवासा वाटणार. हे सुशिक्षित घरांत होतं, डॉक्टरांच्या घरांत होतं, आणि या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरांत झालेलं आहे.

प्रयोगशाळांवर लक्ष ठेवणं सरकारचं काम आहे आणि ते त्याच्याकडून करून घेऊ. हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे न ठेवणं हे आपलं काम आहे. त्यासाठी कुठलाही नवा कायदा लागत नाही, आणि त्याची सुरुवात पुढच्या तेराव्यापासून करता येते.